साचलेलं पाणी, बोअर आणि बोंडअळीचा सापळा: तिन्हींसाठी एकच छोटा कॅमेरा चालेल का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातला आमचा शेतकरी गट छोटा कॅमेरा-ड्रोन आणि सोबत एक-दोन सुटे कॅमेरे घ्यायच्या विचारात आहे. कामं तीन आहेत. अतिवृष्टीनंतर सोयाबीनमध्ये पाणी कुठं थांबलं आणि पिवळे पट्टे कुठं पडायलेत ते बघणं. बोअर आत उतरून बघणं. साडेसहा इंची, ४०० ते ६०० फूट खोल. आणि कपाशीतल्या कामगंध सापळ्यावर कॅमेरा बसवून रोजचे पतंग मोजणं.

विक्रेता सांगतो की एकच किट तिन्ही करील. मोबाइलला लावायचा दहा मीटर वायरचा एंडोस्कोप (वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा) आहे, त्याची वायर जोडून लांब करता येईल का? ड्रोन किती उंचीवर ठेवावा? सोयाबीनचा पिवळा मोझॅक रोग वरून ओळखू येतो का? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी आकड्यांसह सांगावं ही विनंती.

गोदाखोरे

दादा, एकच कॅमेरा तिन्हीकडं चालत नाही, कारण तिन्ही ठिकाणी अंतर वेगळं आणि उजेड वेगळा. मी ड्रोनपुरतं सांगतो.

उंची अंदाजानं ठरवू नका, हिशोब करा. सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपची) रुंदी (मिमी) गुणिले उंची (मीटर) गुणिले १००, आणि याला फोकल लांबी (मिमी) व फोटोची रुंदी (पिक्सेल) यांच्या गुणाकारानं भागा. येणारा आकडा म्हणजे एका पिक्सेलमध्ये जमिनीचे किती सेंटिमीटर येतात ते. लहान ड्रोनवर बऱ्याचदा असतो तसा ६.३ मिमी सेन्सर, ४.५ मिमी लेन्स आणि ४००० पिक्सेल धरले, तर ६० मीटरवर २.१ सेंमी येतं. एक फोटो साधारण ८४ बाय ६३ मीटर जागा झाकतो. साचलेलं पाणी, पडलेलं पीक, पिवळे पट्टे यासाठी एवढं पुरेसं आहे. पण सोयाबीनचं एक पान या फोटोत जेमतेम तीन पिक्सेलचं दिसतं. पानावरचे डाग बघायला १० ते १२ मीटरवर यावं लागतं, आणि त्याहून फार खाली आलात तर पंख्यांच्या वाऱ्यानं पानं हलतात.

पाच एकरांचा तुकडा म्हणजे अंदाजे २०० बाय १०० मीटर. पुढचा-मागचा फोटो ७५ टक्के एकमेकांवर यायला हवा, म्हणजे दर १६ मीटरला एक फोटो. शेजारच्या ओळीशी ७० टक्के, म्हणजे ओळींमध्ये २५ मीटर अंतर. कडेबाहेर एकेक ओळ जास्तीची घ्या, नाहीतर बांधाजवळचा नकाशा वाकडा येतो. सगळे मिळून शंभरेक फोटो होतात आणि सेकंदाला ५ मीटर वेगानं सहा-सात मिनिटांत काम उरकतं. सोयाबीन दाटलं की शेत सगळीकडून सारखंच दिसतं आणि वाऱ्यानं पानं हलतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. नकाशात भोकं पडली तर खाली येऊ नका. उलट ८० मीटरवर जा आणि ८० टक्के ओव्हरलॅप ठेवा.

शटर हाताने १/१००० वर ठेवा. ५ मीटर वेगात तेवढ्या वेळात ड्रोन ५ मिमी सरकतो, ते चालतं. ढगाळ दिवशी ऑटोवर सोडला तर कॅमेरा १/२०० वर येतो, तेवढ्यात ड्रोन २५ मिमी सरकतो, म्हणजे पिक्सेलपेक्षाही जास्त, आणि सगळा फोटो पुसट येतो. व्हाइट बॅलन्ससुद्धा (फोटोतल्या रंगांची सेटिंग) एकाच आकड्यावर बांधून ठेवा. तो ऑटोवर राहिला तर निम्मं शेत पिवळं आणि निम्मं हिरवं दिसेल, आणि तुम्ही नसलेला रोग शोधत बसाल.

पाणी बघायचं असेल तर दुपार टाळा. सप्टेंबरात आपल्याकडं दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्याची चकाकी पाण्यावरून थेट लेन्समध्ये येते आणि डबकं पांढरं फट्ट दिसतं. सकाळी साडेनऊच्या आत किंवा दुपारी तीननंतर उडवा.

मोझॅकचं म्हणाल तर वरून पिवळेपणा कुठं आहे ते कळतं, कशामुळं आहे ते कळत नाही. सखल पट्ट्यात, सरीच्या दिशेनं लांबट पिवळं दिसलं तर पाणी थांबलंय असं आधी धरा. मधूनमधून एकेक झाड पिवळं असेल तर जाऊन पान उलटं करून मोझॅक पसरवणारी पांढरी माशी बघा. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनं शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, तेही वरून सारखंच दिसतं. नकाशावर पाच ठिकाणं खुणवायची आणि पाचही ठिकाणी पायी जायचं. त्याशिवाय फवारणीचा निर्णय घेऊ नका.

फोटो जोडून नकाशा करायला वेबओडीएम हे सॉफ्टवेअर मोफत आहे. १६ जीबी रॅमवर अडीचशेपर्यंत फोटो निघतात. साध्या जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरची चूक असते, तेव्हा बांधाच्या वादात हा नकाशा पुढं करू नका. मोजणी भूमी अभिलेखचीच. साचलेलं पाणी काढायला चर खोदणार असाल तर त्याचा उतारही पाण्याच्या नळीनं ताडून घ्या, निव्वळ ड्रोनच्या उंचीवर खोदाई नको.

मुरूम_ते_पाषाण

बोअरचं मी सांगतो. एंडोस्कोपचा नाद सोडा.

पहिलं कारण वायर. यूएसबी सरळ वायरीवर पाच मीटरपर्यंतच धड चालते. तुमच्या दहा मीटरवाल्यातच कसरत आहे, १५० मीटर तर विसरा. दुसरं कारण दाब. दर १० मीटर पाण्याला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंमी दाब वाढतो. १०० मीटर पाण्याखाली दहा किलो होतो. आयपी ६८ (पाण्यात चालतो अशी खूण) लिहिलेला स्वस्त कॅमेरा बहुधा दीड-दोन मीटर पाण्यावर तपासलेला असतो. पाणी काचेतून नाही, वायर आत जाते त्या तोंडातून शिरतं.

बोअरला लागतो तो स्टीलच्या नळकांड्यातला ॲनालॉग कॅमेरा, व्यास ४० ते ६० मिमी, एक लेन्स खाली बघणारी आणि एक आडवी. झरा बाजूच्या भिंतीतून येतो, म्हणून आडवी लेन्स नसेल तर निम्मं काम वाया. चित्र कोॲक्सवरून (केबल टीव्हीला असते तसली वायर) वर आणायचं. वजन वायरवर टाकायचं नाही. २ मिमी स्टीलचा दोर वेगळा, आणि वायर त्याला दर दोन मीटरला बांधायची.

सगळे चुकतात ते विजेत. ०.५ चौमिमी तांब्याची वायर घेतली तर १५० मीटर खाली आणि १५० वर मिळून दहा ओहमच्या वर रोध होतो. कॅमेरा आणि दिवे मिळून ०.४ अँपिअर घेत असतील तर चार व्होल्ट वाटेतच जातात. वरून १२ दिले तरी खाली आठ पोचतात, आणि नेमकं खोल गेल्यावर चित्र थरथरून बंद पडतं. लोक म्हणतात कॅमेरा खराब. वरून २४ व्होल्ट द्या आणि कॅमेऱ्याच्या डब्यात २४ चे १२ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बसवा.

उतरवायची पद्धत अशी. मोटार आणि पाईप आधी पूर्ण वर काढा. मोटार आत असताना बाजूनं कॅमेरा सोडला तर केबलमध्ये गुंततो. नंतर २४ तास बोअर शांत ठेवा, गाळ बसतो. या काळात तोंड झाकून, वर दगड ठेवून बंद करा. उघडं बोअर एक तासभरही सोडू नका, लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे. कॅमेरा उतरवण्याआधी पंधरा मिनिटं पाण्याच्या बादलीत चालू ठेवा. उन्हात तापलेला कॅमेरा एकदम गार पाण्यात गेला की आतल्या हवेतली वाफ काचेवर धरते आणि ६०० फुटांपर्यंत धुकंच दिसतं. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबा कोरड्या हवेत बंद करा. बादलीत बुडबुडे निघाले तर त्या दिवशी कॅमेरा उतरवूच नका.

वेग मिनिटाला २० फूट, जास्त नाही. गढूळ पाण्यात दिवे पूर्ण लावले तर धुक्यात अप्पर लावल्यासारखं समोर पांढरं होतं. दिवे मंद करा. खोली मोजायला काउंटरवर भरवसा नको, ओली वायर चाकावर घसरते. दोरावरच दर १० फुटांना रंगीत चिकटपट्टी लावा.

बघायचं काय? आधी केसिंगचं (बोअरच्या वरच्या भागात घातलेल्या पाईपचं) खालचं टोक. ते कठीण खडकात टेकलेलं नसेल तर तिथून मुरूम गळताना दिसतो, आणि मोटार दर वर्षी गाळात का अडकते ते कळतं. त्याखाली मांजऱ्या खडक, काळा पाषाण आणि मधे गेरूसारखा लाल थर येतो. लाल थर मऊ असतो, तिथं भिंत ढासळून बोअर रुंद झालेलं दिसलं तर मोटार त्या जागी ठेवू नका. झरे बघायला मे महिना चांगला: पाणी खाली गेलेलं असतं आणि वरच्या भेगांतून ठिबकणारं पाणी उघडं दिसतं. पण किती पाणी ते कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी मोटार सोडून २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा, आणि तासाभरानं पुन्हा मोजा.

कॅमेरा अडकला तर वर ओढू नका. चार-पाच फूट ढील द्या, दोर फिरवा, मग हळू उचला. ओढल्यानं वरचा सैल दगड खाली येतो आणि कॅमेऱ्यासोबत बोअरही जातं.

कपाशी_जालना

सापळ्यासाठी ईएसपी३२-कॅम हा छोटा बोर्ड पुरतो, त्यावर २ मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० कॅमेरा येतो. नरसाळ्याच्या पिशवीत पतंगांचा ढीग होतो, तो फोटोत मोजता येत नाही. चिकट पाटीचा डेल्टा सापळा घ्या आणि कॅमेरा पाटीपासून १५ ते २० सेंमीवर बसवा. लेन्स कारखान्यातून दूरसाठी लावलेली असते, त्यामुळे पतंग धूसर येतात. लेन्सच्या कडेचा गोंदाचा ठिपका पात्यानं अलगद काढा आणि लेन्स घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवून बघा.

बोर्ड सारखा रीस्टार्ट होत असेल तर कारण बहुतेक वीज. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा पुरवठा द्या आणि ५ व्होल्ट पिनजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. झोपेतही हा बोर्ड सहा मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला सुमारे १४५ एमएएच. एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा लिथियम सेल) महिना निघणार नाही. छोटं सोलर पॅनेल जोडा. रोज सकाळी सात वाजता एकच फोटो पुरे.

मोजणीचा उपयोग असा: गुलाबी बोंडअळीचे पतंग सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा जास्त आले की नुकसानीची पातळी ओलांडली. आदल्या दिवसाचे वजा करायला विसरू नका, पाटीवर जुने तसेच चिकटलेले असतात. बोंडाच्या आतली अळी कुठलाच ड्रोन दाखवत नाही, त्यासाठी २० हिरवी बोंडं फोडूनच बघावी लागतात.

मांजराकाठ

मनापासून आभार. बोअरचा कॅमेरा आधी घ्यायचं ठरतंय. ड्रोनला परवाना लागतो का? गटाबाहेरच्यांकडून थोडे पैसे घ्यायचा विचार आहे.

गोदाखोरे

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला बिगरव्यावसायिक वापरात लागत नाही, पण पैसे घेतले की लागतं. मायक्रोला थर्ड पार्टी विमाही हवा. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा झोन आहे का बघा. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किमीत ही मर्यादा २०० फूट होते, आणि लातूरलाही विमानतळ आहे हे ध्यानात ठेवा. ६० मीटर म्हणजे १९७ फूट, म्हणजे जेमतेम आत. तिथं ५५ वरच थांबा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे, म्हणून बिल आणि नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवू नका. उडवून आल्यावर हाताला गार लागेपर्यंत चार्जिंगला लावू नका, आणि ३० टक्क्यांवर उतरवा. आठवडाभर उडवायचा नसेल तर पूर्ण भरून न ठेवता दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा.