करबचतीसाठी विमा पॉलिसी की पीपीएफ?

प्रश्न (खानापूर): मी सहकारी बँकेत नोकरीला असून माझा वार्षिक पगार ९ लाख रुपये आहे. कर वाचवण्यासाठी विमा पॉलिसी घ्यावी की पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, ही सरकारी बचत योजना) खाते उघडावे?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव): ताई, आधी जुनी की नवी करप्रणाली ते ठरवा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत, ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) धरून, १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. त्यामुळे केवळ करासाठी पॉलिसीत पैसे अडकवू नका, ही कळकळीची विनंती.

उत्तर (निपाणी): सहमत. जुन्या प्रणालीत अशा बचतीवर मिळणाऱ्या दीड लाखाच्या वजावटीत तुमच्या पगारातून होणारी पीएफची (भविष्य निर्वाह निधीची) कपातही मोजली जाते. पीपीएफची मुदत १५ वर्षांची आहे, मात्र त्याचे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त असते.

खानापूर: पीएफ मी मोजलाच नव्हता. मुलीच्या शिक्षणासाठी पीपीएफ उघडते, पॉलिसी नको.