‘आत्मकथनात्मक’ म्हणावं का?

नौपाडेकर: एका कथासंग्रहाच्या मलपृष्ठावर ‘आत्मकथनात्मक शैलीतील कथा’ असं छापायला चाललंय. कथा ‘मी’च्या तोंडून आहेत, पण सगळ्या कल्पित. वाचक ते लेखिकेचंच आयुष्य समजतील. दुसरा शब्द सुचवा.

वाशीकर: तो शब्द काढाच. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या पुस्तकांनी आत्मकथन म्हणजे लेखकाचं स्वतःचं जगणं, हे पक्कं केलंय. ‘प्रथमपुरुषी निवेदन’ लिहा.

कोपरी: बाईच्या कथांना ‘पुरुषी’? निम्मे वाचक तिथेच अडखळतील.

वाशीकर: व्याकरणातला पुरुष म्हणजे नर नव्हे. शाळेत शिकलेला शब्द वाचकाला कळणार नाही म्हणून टाकायचा, हे मला पटत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी लिहिली हरिभाऊ आपट्यांनी, सांगते तिची नायिका यमू, तेही प्रथमपुरुषीच.

ऐरोली: तिथे ‘मी आले, मी बसले’ वाचताना लेखक वेगळा, हे आपोआप कळतं. लेखिका आणि ‘मी’ दोघी बायका असल्या की ती खूण उपयोगाची राहत नाही. शिवाय ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी जाईन’, ‘मला कळलं’ यांत लिंग दिसतच नाही. म्हणून ‘मी’चं नाव, वय, कामधंदा पहिल्या पानातच यावा. नावही लेखिकेपासून लांबचं हवं. ‘कोसला’ कादंबरीत नाव सुरुवातीलाच येतं, पण नेमाड्यांचं गाव सांगवी आणि नायक सांगवीकर, म्हणून लोक दोघांना एकच धरतात.

घणसोली: खरा घोटाळा मांडणीत होतो. मलपृष्ठावर लेखिकेचा फोटो आणि लगेच खाली ‘मी’चा उतारा, की वाचक दोन्ही जोडतोच. फोटो आतल्या घडीवर न्या. उताऱ्याखाली कथेचं आणि पात्राचं नाव द्या.

कोपरी: आणि एक ओळ: ‘या कथांतील निवेदक म्हणजे लेखिका नव्हे.’

नौपाडेकर: ठाण्यात निवेदक म्हटलं की गडकरी रंगायतनमध्ये माइकवर कार्यक्रम पुढे नेणारा डोळ्यांसमोर येतो. ‘कथक’ लिहावं तर नृत्य आठवतं.

ऐरोली: निवेदन म्हणजे कळवणं, सादर करणं. ‘नैवेद्य’ त्याच धातूचा. जिल्हाधिकाऱ्यांना देतात तेही निवेदनच. गोष्ट सांगणाऱ्याला तो शब्द चपखल आहे.

कोपरी: मग बाई असेल तर ‘निवेदिका’ का नाही?

वाशीकर: पदाचं नाव एकच असावं. ‘अध्यक्ष’ला आपण स्त्रीलिंग करतो का?

घणसोली: ‘अध्यक्षा’ सर्रास छापतात. ‘सांगणारी’ म्हणा, सरळ मराठी आहे.

वाशीकर: समीक्षेत ‘सांगणारी’ चालणार नाही.

घणसोली: मलपृष्ठ समीक्षकांसाठी नसतंच.