मदत हवी आहे: कमी वयात खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदलताना कोणता इम्प्लांट?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ 38 वर्षांचा आहे. एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा थांबून खुब्याचं हाड मरणं) ऐन पंचविशीत त्याचा उजवा खुबा बदलावा लागला होता. आता वाटीतलं प्लास्टिक झिजलंय, एक्स-रेत वाटीमागचं हाड पोखरलेलं दिसतं. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं तो भिंत धरूनच टाकतो, बघवत नाही. रिव्हिजन, म्हणजे बदललेला सांधा पुन्हा बदलायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय. मांडीच्या हाडातला दांडा घट्ट आहे, तो काढणार नाहीत.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचं (कमी झिजणाऱ्या प्लास्टिकचं) लायनर म्हणजे वाटीचं अस्तर, किंवा ड्युअल मोबिलिटी, म्हणजे छोटा गोळा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा वाटीत फिरतो. ड्युअल मोबिलिटीत सांधा निखळायची भीती कमी, आणि रिव्हिजननंतर तीच भीती मोठी असते. पण त्यात प्लास्टिक आतूनही घासतं आणि बाहेरूनही. एवढ्या तरुण, धावपळ करणाऱ्या माणसाला ते किती वर्षं पुरेल? तिसरा प्रकार सिरॅमिकवर सिरॅमिक (गोळा आणि लायनर दोन्ही सिरॅमिकचे) झिजतो फार कमी, पण क्वचित फुटलंच तर बारीक कण सांध्यात राहतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. धातूवर धातू आम्हाला नकोच.

जुन्या दांड्यावर नवा सिरॅमिक गोळा मधे टायटॅनियमची स्लीव्ह (टोपीसारखं आवरण) घालून कुणाला बसवलाय का? वाटीमागची पोकळी हाडाच्या ग्राफ्टने (हाडाच्या तुकड्यांनी) भरली की सच्छिद्र धातूच्या ऑगमेंटने (पोकळी भरणाऱ्या ठोकळ्याने)?

पुढे कधीतरी तिसरं ऑपरेशन लागेल हे धरूनच चाललोय, म्हणून हाड जास्तीत जास्त वाचायला हवं. चाळिशीच्या आत रिव्हिजन झालेल्यांनी आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी कृपया सविस्तर लिहा.