जुन्या हॉलिवूड जंगलपटांतील हत्तींचे कान खोटे का असत?

प्रश्न : बफरमधील वाचनालय, जि. चंद्रपूर

नमस्कार. आमचे गाव ताडोब्याच्या बफर क्षेत्रात येते. गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही शाळकरी मुलांना एखादा जुना चित्रपट दाखवतो आणि सध्या टारझन, जंगल जिम व बॉम्बा या हॉलिवूडच्या जंगलपटांच्या मालिका लावल्या आहेत. मुले रानाच्या कडेला वाढलेली असल्यामुळे त्यांच्या नजरेतून फारसे काही सुटत नाही. कमलापूरच्या हत्ती कॅम्पला सहलीला जाऊन आलेल्या एका मुलीने पहिल्याच शनिवारी सांगितले की पडद्यावरचा हत्ती आफ्रिकेतला नसून आपल्याकडचाच आहे, फक्त त्याला मोठे कान चिकटवले आहेत. नायक उभा असतो तिथे ऊन आणि तो ज्या जनावराकडे पाहतो तिथे आभाळ भरलेले, हेही त्यांनी हेरले. हे निर्माते निष्काळजी होते, की असे करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते? मला हे चित्रपट मनापासून आवडतात, म्हणून मुलांना नीट उत्तर द्यावे असे वाटते.

उत्तर १ : जुना प्रोजेक्टरवाला, गोंदिया

त्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या टारझनपटांत काम करणारे हत्ती शिकवलेले आशियाई हत्ती होते आणि त्यांना आफ्रिकन दिसावे म्हणून खोटे कान लावले जात.

जंगल जिमसारख्या स्वस्त मालिकांतील काटकसरीमागचे कारण हिशेबाचे आहे. अमेरिकेत त्या काळी एका तिकिटावर दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याचा टक्का असे, पण जोडीला लावलेला दुय्यम चित्रपट चित्रपटगृहाला साधारणपणे ठरावीक भाड्याने मिळे. म्हणजे तो कितीही चांगला झाला तरी मिळकत तेवढीच राहणार, आणि नफा वाढवायचा तर खर्च कमी करणे हाच एक मार्ग उरणार. १९४८ ते १९५५ या काळात निर्माता सॅम कॅट्झमन याने कोलंबिया स्टुडिओसाठी जंगल जिम मालिकेचे १६ चित्रपट काढले, त्यांतील बहुतेक जेमतेम सव्वा तासाचे आहेत. नायक जॉनी वाइसमुलर हा १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके जिंकलेला खेळाडू आणि त्याआधीचा टारझन. शेवटच्या तीन चित्रपटांत ‘जंगल जिम’ हे नाव वापरण्याचा हक्क राहिला नाही, तेव्हा पात्राला सरळ ‘जॉनी वाइसमुलर’ म्हणण्यात आले आणि मालिका पुढे चालू राहिली.

ऊन आणि आभाळाचा प्रश्न साठवणीच्या, म्हणजे आधी घेऊन ठेवलेल्या, चित्रफितींशी निगडित आहे. एमजीएमने ‘ट्रेडर हॉर्न’ (१९३१) या चित्रपटासाठी आफ्रिकेत जाऊन भरपूर चित्रीकरण केले होते. त्यातून उरलेल्या फिती पुढच्याच वर्षी ‘टारझन द एप मॅन’मध्ये कामी आल्या, आणि नायकाचे प्रसंग मात्र कॅलिफोर्नियात घेतले गेले. बॉम्बाच्या चित्रपटांतही ‘आफ्रिका स्पीक्स’ (१९३०) मधील जनावरे दिसतात. फितीची प्रत, त्या प्रतीची प्रत असे होत गेले की दाणा जाड होतो आणि काळे-पांढरे भडक होते, त्यामुळे सांधा कुठे आहे ते मुलांना सहज ओळखता येईल. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात रानाचा एकच पडदा कधी वनवासासाठी, तर कधी दरोडेखोरांच्या अड्ड्यासाठी सोडतात. हेही तसेच आहे, फक्त इथे पडद्याऐवजी हत्तींचा कळप आहे.

तरीही या संकलकांना मी कमी लेखणार नाही. सिंह एका खंडात, माणूस दुसऱ्या खंडात आणि दोघांच्या चित्रीकरणात वीस वीस वर्षांचे अंतर. असे असतानाही सिंहाची नजर आणि माणसाचे मागे सरकणे यांचा मेळ त्यांनी असा बसवला आहे की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. हे कौशल्य मी अनेक वर्षे प्रोजेक्टरच्या खिडकीतून पाहिले आहे आणि त्याबद्दलचा माझा आदर वाढतच गेला आहे.

उत्तर २ : नागझिऱ्याचा गाइड

कानांपेक्षा मला आवाजाचे अधिक वाटते. टारझनपटांच्या रानात मोठ्याने हसल्यासारखा जो आवाज वारंवार येतो, तो कूकाबुरा या पक्ष्याचा आहे. हा आपल्या खंड्याच्या कुळातला पक्षी ऑस्ट्रेलियाचा रहिवासी असून आफ्रिकेच्या रानात आढळत नाही. शिवाय या चित्रपटांत सगळी जनावरे सदैव ओरडत असतात. प्रत्यक्षात वाघ निघाला की रान आधी गप्प होते, मग वानर खोकते, चितळ इशारा देते आणि सांबराने आवाज दिला की गाइड गाडी थांबवतो. ही शांतता ऐकवायला एक पैसाही लागला नसता, म्हणून त्याबाबतीत कमी खर्चाची सबब मला पटत नाही.

उत्तर ३ : एटापल्ली तालुक्यातील शिक्षिका

मी माडिया समाजातली आहे आणि या चर्चेत एक गोष्ट राहून जात आहे असे मला वाटते. या चित्रपटांत रानात राहणारी माणसेही साठवणीतल्या फितीसारखीच वापरली आहेत. भाले घेऊन धावणारा जमाव असतो, पण त्यातील एकालाही बहुधा नाव नसते, कोणी कोणाचा मामा किंवा आत्या नसते आणि त्यांच्या तोंडची भाषा पुष्कळदा जुळवून घेतलेल्या निरर्थक आवाजांची असते. रान कळते ते फक्त बाहेरून आलेल्या गोऱ्या नायकाला. कोणते फळ खायचे, कोणत्या झाडाची साल औषधी, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जपले, त्यांच्याकडे केवळ नायकाला घाबरण्याचे काम दिलेले असते. साबूचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते. म्हैसूर संस्थानातील माहुताचा हा मुलगा १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’मधून जगभर पोहोचला आणि १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली झाला. त्या कथेतली वैनगंगा आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते, पण तो चित्रपट कॅलिफोर्नियात बनला. युद्धानंतर त्याच्या वाट्याला अधिकाधिक स्वस्त जंगलपट येत गेले आणि १९६३ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, तो वारला. हत्तीशी खऱ्या अर्थाने बोलता येणारा एक माणूस हॉलिवूडला मिळाला होता, आणि त्याच्याकडून त्यांनी बहुतेक वेळा कमरेला वस्त्र गुंडाळून धावण्याचेच काम घेतले. आपण चित्रपट अवश्य दाखवा, दादा, पण मुलांना त्या जमावाकडेही पाहायला सांगा.

प्रश्नकर्ता :

ताई, आपले म्हणणे मी मनावर घेतले. कालच्या शनिवारी जंगल जिमचा एक भाग पुन्हा लावला आणि मुलांना तीन गटांत बसवले. पहिल्या गटाने जुन्या फितीचे सांधे मोजले, दुसऱ्याने आवाज ऐकले आणि तिसऱ्याने गावकऱ्यांच्या तोंडी किती वाक्ये आहेत ते लिहिले. पहिल्या दोन गटांची पाने भरली. तिसऱ्या गटाने दोनच वाक्ये लिहिली होती, आणि त्या गटातल्या एका मुलाने पानाच्या उरलेल्या जागेत त्या माणसांना स्वतःच्या मनाने नावे देऊन ठेवली होती. पुढच्या शनिवारी साबूचा ‘एलिफंट बॉय’ लावतो आहे.