डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत, काय करू?

रामदासपेठेतल्या दवाखान्यात दोन तास बसली, आत तीन मिनिटं. गुडघा रात्रीच ठणकते, हे सांगायच्या आधीच "वय झालं काकू" म्हणून गोळ्या लिहून मोकळे. ५२ म्हणजे काय वय झालं का, बाप्पा? मागं दवाखान्यात भरती होती, त्याचे कागदही देऊन नाही राहिले.

— ताई, चिठ्ठी न्या. कधी दुखते, कशानं वाढते, कोणत्या गोळ्या सुरू. मी किराण्याच्या यादीमागं लिहून नेली. डॉक्टरांनी हातातून घेऊन वाचली, तूरडाळीसकट.

— कागदांसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ७२ तासांची मुदत आहे.

— अर्ज दिला. पोच मागितली तर काउंटरवरची पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. पण शिक्का मारला.