मिनिकॉयला एवढ्या लांब जावं का?

निशिगंध:
जानेवारीत लक्षद्वीपला जायचं घाटतंय. बरोबरचे सगळे अगत्ती-बंगारम म्हणतायत, विमान अगत्तीला उतरतं म्हणून. ह्यांच्या डोक्यात मात्र मिनिकॉय बसलंय. कोचीहून जवळजवळ चारशे किलोमीटर, तेही बोटीने! पोहता दोघांनाही येत नाही. निळं पाणी सगळ्याच बेटांवर आहे, मग मुद्दाम तिथेच जाण्यासारखं काय आहे? कुणी जाऊन आलं असेल तर मनापासून सांगा.

खारावारा:
ताई, मी जाऊन आलोय आणि माझं मत काकांच्या बाजूने.

लक्षद्वीपच्या बाकीच्या बेटांवर मल्याळमच्या वळणाची बोली ऐकू येते. मिनिकॉयला उतरलात की भाषाच बदलते. तिथली महल भाषा म्हणजे मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण, लिपी उजवीकडून डावीकडे. नकाशा उघडून बघा, तिथून लक्षद्वीपच्या राजधानीपेक्षा, कवरत्तीपेक्षा, मालदीव जवळ आहे!

पण मी परत जाईन तो तिथली मासेमारी बघायला. मला एकदा होडीवर जायला मिळालं. आधी लगूनमध्ये (प्रवाळाच्या कडेच्या आतलं उथळ पाणी) बोटाएवढे मासे जाळ्यात धरतात आणि होडीच्या पोटातल्या समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवतात. बाहेर खोल पाण्यात कुप्याची (टूनाची) झुंड दिसली की एक जण ते मूठमूठ फेकतो, बाकीचे पाण्याचे फवारे मारतात. पाणी उकळल्यासारखं दिसतं, कुप्याला वाटतं आमिषच आमिष आहे. मग गळ बांधलेल्या काठ्या चालायला लागतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा हवेतून येऊन फळ्यांवर धप्पकन आपटतो आणि आपोआप सुटतो. लगेच गळ परत पाण्यात. मोठं जाळं नाही, त्यामुळे कासवं, डॉल्फिन त्यात गुरफटत नाहीत. तो धपाधप आवाज अजून माझ्या कानात आहे.

दीपगृह इंग्रजांनी बांधलेलं, १८८५ सालचं. गुडघे साथ देत असतील तर चढाच. वरून आत फिकट हिरवं लगून दिसतं, मग फेसाची पांढरी रेघ, आणि तिला लागूनच काळपट निळा समुद्र. मधली छटाच नाही, कारण प्रवाळाची कड संपली की तळ एकदम खोल जातो. हे बघायला पोहता यावं लागत नाही.

माडाची_सावली:
जरूर जा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्यालाही प्रवेशपरवाना लागतो, आणि परतीचं बोटीचं तिकीट हातात असल्याशिवाय निघू नका. दुसरं म्हणजे, प्रवाळावर पाय ठेवू नका, ही कळकळीची विनंती. पाणी तापून १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली होती, बरीच मेलीही. जी उरलीत त्यांना आपला धक्का नको.

निशिगंध:
दोघांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं, कुप्याचं तर दोनदा! पण मला बोट लागते हो. त्याचं काय करू?

खारावारा:
मलाही लागली होती, पहिली रात्र वाईट गेली. डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा, आणि मळमळलं की केबिनमध्ये पडून राहू नका, डेकवर या आणि नजर क्षितिजावर ठेवा. मी पहाटे तसाच कठड्याला धरून उभा होतो, तेव्हा बोटीच्या लाटेतून उडणारे मासे निघाले. वीतभर लांबीचे, पाण्याला न टेकता कितीतरी लांब गेले. मळमळ तेव्हाच विसरलो.