किनाऱ्यावरच्या घरात फ्रिजला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

बंदरावरचा: नवीन इन्व्हर्टर फ्रिज घेतोय, घर मालवणात, समुद्र अगदी जवळ. दुकानदार म्हणतो अजून 3 हजार भरा, 2 वर्षं वाढवून देतो. आई म्हणते घेऊन टाक, माझं मन होत नाहीये. कोणाला खरंच कामाला आलीय का?

देवगडकर: आम्ही टीव्हीवर घेतलेली. परतीच्या पावसात वीज कडाडली आणि टीव्ही गेला, मेकॅनिक आला, मागचं झाकण काढून काळा पडलेला बोर्ड दाखवला नि म्हणाला हे विजेमुळे, यात बसत नाही. कागद बघितला तर बारीक अक्षरात तसंच लिहिलेलं. फार वाईट वाटलं तेव्हा. वीज, व्होल्टेज, गंज हे बऱ्याच प्लॅनमधे वगळलेलं असतं आणि आपल्याकडे वस्तू जातात त्या यांनीच, त्यामुळे पैसे भरायच्या आधी अटी वाचाच.

वेंगुर्ल्याची ताई: कॉम्प्रेसरवर बऱ्याच कंपन्या 10 वर्षं देतातच, पण ती फक्त कॉम्प्रेसरची, बोर्ड, गॅस भरणं, मजुरी वेगळी. प्लॅनमधे बोर्ड धरला असेल तर घ्या, इन्व्हर्टर फ्रिजचा बोर्ड महाग पडतो.

रत्नांग्रीकर: सर्व्हिसला माणूस कुठून येणार ते पण विचारा. आमच्याकडे 9 दिवसांनी आला, फ्रीजरमधली सुरमई सगळी टाकली. शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा हलले.

बंदरावरचा: विचारून आलो, बोर्ड धरतात पण गंज नाही आणि वीजही नाही. नाही घेत. त्या पैशात स्टॅबिलायझर आणतो आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतो.